त्र्यंबकच्या घाटात बंद पडलेली गाडी : हुनर आहे, पण धंदा कुठे आहे?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून जातो. महिंद्रा कंपनीचा मोठा मोटार कारखाना याच वसाहतीत आहे. तेथून बाहेर पडलेली नवी कोरी गाडी पाऊण तासात त्र्यंबकला पोचते आणि त्र्यंबक मागे टाकून आंबोली, तोरंगण, मोखाडा, जव्हार या बाजूला वळली की तिची खरी परीक्षा सुरू होते. वळणावळणाचे घाट, पावसात खचलेल्या साइडपट्ट्या, फरशीपुलावरून वाहणारे पाणी, हरसूलकडच्या पाड्यांवर जाणाऱ्या चिखलाच्या चढणी! गाडी कोणत्याही कंपनीची असो, या मुलखात ती कधी ना कधी बंद पडतेच. अशा वेळी मोबाइलला रेंज नसते आणि कंपनीचे सेवाकेंद्र नाशिक शहरात असते. कामास येतो तो पान्यांची पिशवी अडकवून मोटारसायकलवर येणारा मिस्त्री.

या मिस्त्रीच्या धंद्याविषयी आज लिहायचे आहे. २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाज कोणत्या उद्योगांत जास्त प्रमाणात काम करतो याची नोंद केली होती. वाहतूक आणि मोटार-दुरुस्ती ही त्यांतील दोन नावे. म्हणजे हा विषय आपल्यातील हजारो घरांच्या चुलीशी निगडित आहे. असे असूनही उस्तादाच्या हाताखाली दहा-दहा वर्षे घालवलेला कारागीर चाळिशीत आला तरी त्याच्याकडे ना कागद असतो, ना बिलबुक, ना विमा. हातात हुनर आहे. पण हुनर म्हणजे धंदा नव्हे. हुनराचा धंदा कसा व्हावा आणि कोणत्या चुकीच्या वाटेने तो होऊ नये, हे दोन्ही प्रश्न त्र्यंबकच्या घाटात एकत्र उभे राहतात.

जीपचा वारसा

या भागात जीप आली कशी ते थोडक्यात पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. रस्ता नसेल तेथे चालणारी आणि साध्या पान्यांनी खोलता येणारी गाडी, हीच तिची कीर्ती. भारतात ही गाडी जुळवण्याचे काम ज्या कंपनीने हाती घेतले तिचे मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आजच्या पिढीला ठाऊक नसते. १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ती काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले आणि मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवली जाऊ लागली. पुढे १९८० च्या दशकात नाशिक आणि इगतपुरी ही या कंपनीची महत्त्वाची ठाणी बनली. नाशिकला गाड्या, इगतपुरीला इंजिने.

त्याच काळात प्यूजोच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. पेट्रोल पिणारी जुनी जीप परवडेनाशी झाली होती. मग ठिकठिकाणच्या गॅरेजांनी जुने इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवण्याचे काम सुरू केले. इंजिनाचे माउंटिंग नव्याने जोडायचे, रेडिएटर बदलायचा, सायलेन्सरची वाट वळवायची, हे सारे मिस्त्री लोकांनी करून दाखवले. आज ज्याला तरुण मंडळी 'मॉडिफिकेशन' म्हणतात ते तेव्हा शौक म्हणून होत नव्हते, पोटासाठी होत होते. पुढे कमांडर, मार्शल, आर्माडा या गाड्या आल्या. काळी-पिवळी आणि वडापच्या जीपवर आदिवासी पाड्यांचा बाजार, दवाखाना आणि शाळा चालली. एस.टी. जेथे दिवसातून दोनदा जात होती तेथे जीप दर तासाला जात होती. या जीप चालू ठेवणारे हात आपल्या गॅरेजांतले होते.

घाटात काय बिघडते?

धंद्याचा विचार करायचा तर आधी कामाचा विचार केला पाहिजे. या मुलखात गाडी का बंद पडते याची कारणे मोजकी आहेत आणि ती पुन्हा पुन्हा तीच आहेत.

पहिले कारण ब्रेक. मैदानी भागातला चालक घाट उतरताना सारा भार ब्रेकवर टाकतो. लायनिंग तापते, ब्रेक ऑइल उकळू लागते, पेडल खाली जाते आणि गाडी हाताबाहेर जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ओल शिरली की ते लवकर उकळते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे असे सांगतात, पण फारच थोडे लोक ते बदलतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम अजूनही खरा आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नये, तो तडकतो. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबावे.

दुसरे कारण पाणी, आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच होते. पावसाळ्यात पहिने, दुगारवाडी, वैतरणा या बाजूला धबधबे पाहायला येणारी गर्दी वाढली आहे. ओढ्यात गाडी घातली आणि पाणी हवेच्या नळीतून इंजिनात शिरले की पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. इंजिन जागीच अडते. येथे मालक हमखास एक घोडचूक करतो : पुन्हा पुन्हा सेल मारतो. जे काम इंजेक्टर किंवा ग्लो-प्लग काढून पाणी बाहेर फेकून भागले असते ते कनेक्टिंग रॉड वाकल्यामुळे पूर्ण इंजिन उतरवण्यावर जाते. काही हजारांचे काम लाखावर जाते. पाणी डिफरन्शियलमध्ये गेले तर तत्काळ कळत नाही. तेल दुधासारखे पांढरे होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्राउन-पिनियन आवाज करू लागतात. पाण्यातून गाडी काढलेल्या गिऱ्हाइकाला तेल तपासून घ्यायला सांगणे हे मिस्त्रीचे कर्तव्य आहे आणि त्यात त्याचा रास्त धंदाही आहे.

तिसरे कारण क्लच. चिखलाच्या चढणीवर अर्धा क्लच दाबून गाडी रेटली की प्लेट जळते. तिचा वास दूरवर येतो. चौथे म्हणजे खालचा सांगाडा : पाट्याचे मुख्य पान तुटणे, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटणे, दगडाने टायरची बाजू फाटणे. पाचवे कारण नव्या जमान्याचे आहे : सेन्सर, वायरिंग आणि कॉम्प्युटर. त्याविषयी पुढे सांगतो, कारण खरी गोम तेथेच आहे.

जुगाड आणि दुरुस्ती

आडरानात गाडी सुरू करून देण्याच्या युक्त्या आपल्या मिस्त्रींइतक्या क्वचितच कोणाला येत असतील. डिझेलची टाकी गळू लागली तर कपडे धुण्याचा साबण मळून भोकात दाबून बसवायचा. रेडिएटर बारीक झिरपत असेल तर त्यात हळद टाकायची. फाटलेल्या होसपाइपवर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. तुटलेल्या पाट्याला लाकडी पाचर देऊन तार आवळायची. डिझेलमध्ये हवा धरली तर हाताने पंप मारून नळीचा नट सैल करून हवा काढायची. मागचा क्रॉस तुटला आणि जीप फोर-व्हीलची असेल तर मागचा शाफ्ट सोडून पुढच्या चाकांवर गाडी घरी आणायची. या युक्त्यांनी कितीतरी रुग्ण दवाखान्यात पोचले आहेत, कितीतरी वऱ्हाडे वेळेवर लग्नाला पोचली आहेत.

परंतु येथे एक रेघ ओढावी लागेल. जुगाड हा गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी असतो, वर्षभर चालवण्यासाठी नसतो. तारेने आवळलेला पाटा घेऊन दुसऱ्या दिवशी दहा माणसे भरणारा मालक आणि 'चालतंय, चालू द्या' म्हणणारा मिस्त्री, दोघेही दुसऱ्याच्या जिवाशी खेळत असतात. ब्रेकची नळी ठोकून बंद करून तीन चाकांच्या ब्रेकवर घाट उतरणे याला हुनर म्हणता येत नाही. जो कारागीर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की हे काम फक्त त्र्यंबकपर्यंतचे आहे, पुढे पक्के काम केल्याशिवाय गाडी काढू नका, आणि ते बिलावर लिहून देतो, त्याचेच नाव दहा वर्षांनी टिकते. मापात पाप करू नये हे आपण दुकानदाराला सांगतो. मिस्त्रीचे माप त्याच्या पान्यात असते.

दराचा प्रश्नही याच प्रामाणिकपणाशी जोडलेला आहे. रात्री अकराला घाटात अडकलेला माणूस म्हणतो, आम्हाला लुटले. मिस्त्री म्हणतो, मी झोपेतून उठून, पावसात, स्वतःचे पेट्रोल जाळून गेलो, ते कोणी मोजत नाही. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण दर आधी ठरलेलाच नसतो. जेथे दर अडचण पाहून ठरतो तेथे विश्वास राहत नाही, आणि विश्वास नसला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

फेरबदलाचा मोह

२०१० मध्ये थार बाजारात आली आणि २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला, तोही नाशिकच्याच कारखान्यातून. इगतपुरीजवळ कंपनीने आडवाटेवर गाडी चालवण्याचे शिक्षण देणारी अकादमीही काढली. शहरातल्या पैसेवाल्या तरुणांत आडवाटेवर गाडी घालण्याचा शौक वाढला. त्याबरोबर गॅरेजांकडे नवे काम आले : गाडी उंच करणे, मोठे टायर बसवणे, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची रांग, विंच, रंगीत सायलेन्सर. या कामात पैसा आहे आणि तो रोख आहे. ब्रेकचे लायनिंग बदलताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारा मालक दिव्यांसाठी मागेल तेवढे देतो. म्हणून गॅरेजे दुरुस्ती सोडून सजावटीकडे वळत आहेत. माझे मत आहे की हा मार्ग धोक्याचा आहे, गाडीसाठीही आणि गॅरेजसाठीही.

गाडीचा धोका समजून घ्या. गाडी उंच केली की तिचा तोल वर जातो आणि घाटातल्या वळणावर ती कलंडण्याची शक्यता वाढते. मोठे, जड टायर लावले की त्यांना थांबवायला जास्त ताकद लागते, पण ब्रेक मात्र कंपनीचेच राहतात. वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही, तो कमी दाखवतो. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो आणि हँडल थरथरू लागते. चाके बाहेर काढण्यासाठी स्पेसर लावले की बेअरिंगवर भार येतो. चासीवर वेल्डिंग केले की तेथील पोलाद कमकुवत होते आणि काही महिन्यांनी नेमकी तेथेच भेग पडते. लोखंडी बंपर पादचाऱ्याला जास्त इजा करतो. एवढेच नव्हे, एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरपर्यंत धडक नीट पोचत नाही आणि आतला माणूसही असुरक्षित होतो. धुक्यात वरचे पांढरे दिवे लावले की प्रकाश परत डोळ्यांवर येतो आणि समोरून येणाऱ्याला काही दिसत नाही. त्र्यंबकच्या पावसाळी धुक्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

वडापच्या गाड्यांतील फेरबदल याहून जुना आणि याहून गंभीर. मागे जादा बाकडे, टपावर मोठा कॅरिअर, पायरीवर उभे राहायला दांडा. हे शौकासाठी होत नाही, माणसे जास्त भरण्यासाठी होते. मालकाला हप्ता फेडायचा असतो आणि प्रवाशाला दुसरी गाडी नसते, हे मान्य. तरीही नऊ-दहा माणसांच्या ब्रेकवर वीस माणसे घाटात उतरवणे मान्य करता येत नाही. ते बाकडे ज्याने वेल्डिंग करून बसवले त्याने आपली मजुरी घेतली, पण जबाबदारी कोणाची?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केला. केरळमधील त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की नोंदणी-पुस्तकात उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरबदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. १८२-अ या नव्या कलमाने बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. सुरक्षेशी संबंधित म्हणून जाहीर झालेले सुटे भाग निकृष्ट दर्जाचे विकले तर विक्रेत्याला वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड ठेवला. लोखंडी बंपर म्हणजे क्रॅशगार्डविरुद्ध कारवाई करावी असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते.

आपल्या गॅरेजवाल्यांचा गैरसमज असा की शिक्षा मालकाला आहे, आपल्याला नाही. पण अपघात झाला की चौकशी मालकावर थांबत नाही. वेल्डिंग कोणी केले हे विचारले जाते. विमा कंपनीला न कळवलेला फेरबदल हे दावा नाकारण्याचे आयते कारण ठरते आणि नुकसान झालेला मालक आपला राग गॅरेजवर काढतो. ज्या कामाचे पक्के बिल देता येत नाही ते काम धंद्याचा पाया होऊ शकत नाही. एवढी एकच कसोटी लावली तरी निम्मे प्रश्न सुटतील.

मात्र सरकारचीही येथे चूक आहे. सरसकट मनाई केल्याने काम थांबत नाही, ते गल्लीच्या आत जाते आणि अधिक वाईट दर्जाने होते. सी.एन.जी.चे उदाहरण घ्या. पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवणे हा मोठा फेरबदल आहे, चुकला तर स्फोट होईल असा. तरी तो कायदेशीर आहे, कारण किट तपासून मंजूर केलेले असते, ते अधिकृत केंद्रात बसवले जाते आणि आर.टी.ओ. नोंदणी-पुस्तकात त्याची नोंद करते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्यालाही कायद्याने वाट दिली आहे. मग पाट्याचे मजबूत संच, विंच, टोइंग हूक, पाण्यापासून बचावासाठी हवेची उंच नळी यांच्यासाठी अशीच वाट का असू नये? जर्मनीत गाडीत केलेला बदल टी.यू.व्ही.सारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवता येतो. आपल्याकडे पुण्याला वाहनांची चाचणी घेणारी ए.आर.ए.आय. ही संस्था १९६६ पासून काम करते आहे. तिने किट तपासावे, नोंदणीकृत गॅरेजने बसवावे, आर.टी.ओ.ने नोंद करावी. ही मागणी गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी करायला हवी. ती मान्य होईपर्यंत मात्र कायदा पाळला पाहिजे. मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्यातूनच येतो.

स्कॅनरचे कुलूप

आता त्या पाचव्या कारणाकडे येऊ. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ मानके लागू झाली. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यामुळे नव्या डिझेल गाडीच्या पोटात सेन्सरांचे जाळे आले, धुराची काजळी अडवणारे फिल्टर आले आणि सर्वांवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर आला. एखादा सेन्सर ओला झाला तरी कॉम्प्युटर इंजिनाची ताकद तोडून टाकतो आणि गाडी घाटात रांगू लागते. मिस्त्रीला दोष दिसत नाही, कारण तो हाताने चाचपून कळणारा नसतो. त्यासाठी स्कॅनर लागतो. साध्या स्कॅनरवर दोषाचा क्रमांक कळतो, पण अनेक गाड्यांत नवा भाग बसवल्यावर तो कॉम्प्युटरला ओळखवून देण्याची चावी कंपनीच्या सेवाकेंद्रापाशीच असते. म्हणून त्र्यंबकच्या पुढे बंद पडलेली गाडी किरकोळ दोषासाठी टोइंग करून नाशिकला न्यावी लागते. गिऱ्हाइकाचा दिवस जातो आणि मिस्त्रीची रोजी जाते.

यावर देशात विचार झालेला नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात व स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. महिंद्रा, टाटा, मारुती या सर्व मोठ्या कंपन्या त्यात होत्या. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचे प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकले. पण आयोगाने मांडलेले तत्त्व महत्त्वाचे आहे : गाडी विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीचा मक्ता कंपनीकडे राहत नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केले. तेथे कंपन्यांची माहिती पाहता येते. आपल्या किती गॅरेजवाल्यांनी ते उघडून पाहिले आहे? हक्क कागदावर आला आणि तो मागणारा कोणी नसला तर तो कागदावरच राहतो.

काय करता येईल?

तक्रारी पुष्कळ झाल्या. आता करण्यासारख्या गोष्टी सांगतो. यांतील एकही अशक्य नाही.

पहिली गोष्ट, नोंदणी. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. तिच्याशिवाय बँक आणि सरकारी योजना गॅरेजला ओळखतच नाहीत. दलालाला पैसे देऊन ती करून घेण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, एकजूट. पश्चिम बंगालमध्ये दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांग नावाचे छोटे गाव आहे. तेथून संदकफूच्या खडतर चढणीवर प्रवाशांना नेणाऱ्या १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या पुढे कित्येक दशके चालू राहिल्या. भाग मिळेनात म्हणून स्थानिक मिस्त्रींनी त्यांतील अनेकांत महिंद्राची डिझेल इंजिने बसवली. गाडीमालकांनी संघटना केली आणि गाड्या रांगेने सोडल्या. प्रदूषणाच्या नियमांमुळे पुढे त्यांच्यावरही गदा आली, तरी एका गावाने आपल्या हुनराला जगाच्या नकाशावर नेले हे खरे. त्र्यंबक, हरसूल, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातील पंधरा-वीस मिस्त्री एकत्र आले, कोण कोणत्या दिवशी रात्रपाळीला आहे हे ठरवले, अंतरानुसार आणि वेळेनुसार दरपत्रक छापून ढाब्यांवर, पेट्रोल पंपांवर, लॉजवर लावले, तर घाटातील मदत हा एक स्वतंत्र धंदा होईल. सामाईक भांडवलातून एक विंच, एक मजबूत टो-साखळी आणि एक चांगला स्कॅनर घेता येईल. एकट्याला न परवडणारी वस्तू दहा जणांना परवडते.

यासाठी वेळही अनुकूल आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील मुख्य स्नाने २०१५ प्रमाणेच २०२७ मध्येही ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. लाखो भाविक, हजारो वाहने, अनोळखी चालक आणि ओले घाट. त्या दिवसांत रस्त्यात अडकलेल्या यात्रेकरूला रास्त दरात मदत करणे हा धंदाही आहे आणि सेवाही. संकटातल्या माणसाचा धर्म विचारला जात नाही, आणि ज्याने त्या वेळी हात दिला त्याचे नाव तो घरी जाऊन दहा जणांना सांगतो. एवढी मोठी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

तिसरी गोष्ट, मुलांचे शिक्षण. गॅरेजातला 'छोटू' हा विषय आपण नेहमी टाळतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून सरसकट बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ते अयोग्यच होते. आजच्या गाडीची वायरिंगची आकृती वाचता आली नाही तर उद्याचा मिस्त्री फक्त चाके खोलणारा हमाल राहील. मुलाला दहावी होऊ द्या. मग आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा किंवा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू द्या. नाशिकला सातपूरमध्ये शासकीय आय.टी.आय. आहे. संध्याकाळी त्याने उस्तादाकडे बसावे. पुस्तक आणि पाना दोन्ही आले की त्याला कोणी अडवू शकत नाही. जे कारागीर आधीच वयाने मोठे आहेत त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, तिचा लाभ घ्यावा.

चौथी गोष्ट, सरकारकडे मागणी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आणि कमी व्याजाचे कर्ज ठेवले गेले. लोहार त्यात आहे, कुलूप बनवणारा आहे, होडी बांधणारा आहे, मोटार-मिस्त्री नाही. तीन-तीन पिढ्या पाना चालवणाऱ्याचा व्यवसाय पारंपरिक नाही तर काय आहे? लोकप्रतिनिधींना हा प्रश्न विचारला पाहिजे.

पाचवी गोष्ट गाडीमालकांसाठी. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथील पठारावर अशी रोपटी उगवतात जी जगात इतरत्र क्वचितच आढळतात, आणि कड्यांवर गिधाडे आहेत. वाट नसलेल्या पठारावर, ओढ्यात, शेताच्या बांधावर चाके घालणे म्हणजे मर्दुमकी नव्हे. अशा ठिकाणी अडकलेली गाडी काढून देताना मिस्त्रीनेही दोन शब्द सुनवावेत.

शेवटी एवढेच म्हणेन. जुन्या जीप हळूहळू भंगारात चालल्या आहेत. कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या दुकानांत त्यांचे भाग अजून मिळतात, पण किती दिवस? जीप गेली तरी घाट राहणार आहे, पाऊस राहणार आहे आणि बंद पडणारी गाडीही राहणार आहे. प्रश्न इतकाच की ती दुरुस्त करायला आपला माणूस पक्के बिल, प्रमाणपत्र आणि स्वच्छ नाव घेऊन जाणार, की गल्लीच्या आत बसून दुसऱ्याच्या गाडीवर बेकायदा दिवे लावत राहणार. गॅरेज चालवणाऱ्या बांधवांनी येत्या जुम्म्यानंतर चार जणांना एकत्र बसवून निदान दरपत्रकाचा एक कागद तयार करावा.